बर्फ पडायच्या आधीच मीठ का मारतात?

आजच्या भागाचा विषय आहे मीठ, पण रस्त्यावरचं. मी मिनियापोलिसला नोकरी करतो. इथे हिवाळ्यात बर्फाचा इशारा आला की आदल्या दिवशीच टँकर फिरायला लागतात. रस्ता कोरडा ठणठणीत, आणि हे मागच्या नळ्यांमधून पाण्याच्या धारा सोडत चाललेत. पाणी वाळलं की मागे वहीच्या रेघांसारखे पांढरे पट्टे उरतात. भारतातून नवीन आलेला प्रत्येक जण विचारतोच, ‘हे काय चाललंय?’

ते मिठाचं पाणी, म्हणजे ब्राइन. पण आधी मीठ करतं काय ते बघू. बऱ्याच जणांना वाटतं की मीठ गरम असतं, म्हणून बर्फ वितळतो. तसं अजिबात नाही. उन्हाळ्यात घरी पॉटचं आइस्क्रीम केलं असेल तर आठवा: बर्फात खडेमीठ घातलं की पॉट उलट जास्त गार पडतो. बर्फ वितळताना उष्णता ओढून घेतो. तिथे तो ती दुधातून ओढतो, इथे रस्त्यातून आणि हवेतून.

मग वितळतो कसा? दादर स्टेशन डोळ्यांसमोर आणा. शून्य अंशाला बर्फ आणि पाणी एकत्र असतात तेव्हा काही रेणू बर्फातून उतरत असतात, तेवढेच परत चढत असतात. आता प्लॅटफॉर्मवर अशी माणसं आणून उभी करा, ज्यांना गाडीत चढायचंच नाहीये. उतरणारे उतरतच राहतात, चढणाऱ्यांना मात्र वाट मिळत नाही. गाडी रिकामी होत जाते. मिठाचे आयन म्हणजे ही मधे उभी राहणारी माणसं.

यालाही मर्यादा आहे. सगळ्यात खाली जाणारं मिश्रण २३.३ टक्क्यांचं, म्हणजे लिटरभर पाण्यात साधारण ३०० ग्रॅम मीठ. ते उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही. मीठ याहून कमी केलं किंवा वाढवलं, तरी ते आधीच गोठायला लागतं. म्हणून ब्राइन नेमकं याच प्रमाणात बनवतात.

पण उणे २१ हा आकडा ऐकून फसू नका. उणे १ अंशाला एक किलो मीठ ४६ किलोच्या आसपास बर्फ वितळवतं. उणे ९ ला तेच किलोभर मीठ जेमतेम ६ किलो वितळवतं, आणि तेही तासभर लावून. त्याच्या खाली साधं मीठ टाकणं म्हणजे पैसे रस्त्यावर टाकणं. मग कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात, नाहीतर नुसती वाळू. वाळू काही वितळवत नाही, पण पायाला आणि टायरला पकड देते.

आता ब्राइनची गंमत. कोरडे खडे ट्रकमधून पडले की टणाटण उडतात, बरेचसे गटारात किंवा गवतात जातात. शिवाय मीठ पाण्यात विरघळल्याशिवाय कामालाच लागत नाही. ब्राइन आधीच विरघळलेलं असतं आणि रस्त्याला चिकटून बसतं. वरून बर्फ पडला की खालचा थर गोठून डांबराला घट्ट धरत नाही, मग नांगराचं पातं तो सहज खरवडून काढतं. एकदा घट्ट धरलेला बर्फ सोडवायला याच्या कितीतरी पट मीठ लागतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले प्रॉडक्शन कोसळल्यावर रात्री २ वाजता जागे होतो, त्यापेक्षा हे लोक शहाणे! फक्त बर्फाच्या आधी पाऊस येणार असेल तर ब्राइन मारत नाहीत, सगळं धुऊन जातं.

आणि धुऊन जातं कुठे? तळ्यात. मला खरी काळजी याची वाटते. मिनेसोटाला ‘दहा हजार तळ्यांचं राज्य’ म्हणतात. इथलं प्रदूषण नियंत्रण खातं सांगतं की चमचाभर मीठ साधारण १९ लिटर पाणी कायमचं खराब करायला पुरतं. कायमचं, कारण क्लोराइड कुजत नाही, उडून जात नाही. गाळायचं तर रिव्हर्स ऑस्मोसिस हवं, आणि अख्ख्या तळ्याला आरओ कोण बसवणार? खारं पाणी जड, ते तळाशी जाऊन बसतं. वसंतात वरचं-खालचं पाणी घुसळलं नाही की तळाला ऑक्सिजन पोचत नाही.

म्हणून मीठ बंद करा, असं मी म्हणणार नाही. गोठलेल्या उतारावर ब्रेक दाबून गाडी सरळ घसरत गेलेली मी पाहिली आहे. पण सगळंच मीठ काही सरकारी ट्रकमधून येत नाही. पार्किंग आणि फुटपाथवर दुकानदार, सोसायट्या, आपण स्वतः ओतत असतो. माझ्या बिल्डिंगच्या पायऱ्यांवर तर खडे चुरमुऱ्यांसारखे करकरतात.

तुम्हीही बर्फाच्या गावात राहत असाल तर आधी फावडं, मग मीठ. कॉफीचा एक मोठा मग मीठ २० फुटांच्या ड्राइव्हवेला पुरतं. खड्यांमधे अंतर ठेवून पसरा, ढीग नको. बर्फ गेल्यावर उरलेले खडे झाडून डब्यात भरा, पुढच्या वेळी तेच चालतात.