कराची : दीड तास

मुंबईहून कराची हवाई मार्गाने सुमारे 875 किलोमीटर. दिल्ली त्याहून पावणेतीनशे किलोमीटर लांब. जेट विमानाला कराची दीड तासाची. गर्दीच्या वेळी अंधेरीहून टॅक्सीने कॉटन ग्रीनला यायलाही तेवढा वेळ सहज जातो.

सिंध 1936 पर्यंत मुंबई इलाख्यात होता. आपल्याकडचे मास्तर, कारकून बदलीवर कराचीला जात. तिथली नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा 1855 सालची, अजून चालू आहे. आणि कापूस? तो या दोन्ही बंदरांतून बाहेर जाई. कॉटन ग्रीनची गोदामं आणि कापूस बाजाराची ती दिमाखदार इमारत त्याच व्यापाराची खूण.

15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटांनी टपालाची पिशवी घेऊन पहाटे कराचीहून एक चिमुकलं विमान उडवलं. अहमदाबादेत बैलगाडीतून आणलेलं पेट्रोल भरलं आणि दुपारी ते जुहूला उतरले. सुमारे सात तास! पन्नास वर्षांनी, 1982 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला. मधल्या काळात त्या वाटेवर एक सरहद्द उभी राहिली होती.

कॉटन ग्रीनच्या आमच्या शाखेत काळाचौकीच्या एक आजी येत. पेन्शनर, दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यासाठी ठरलेल्या. 1947 साली नऊ वर्षांच्या असताना आईबरोबर बोटीने आल्या, दोन रात्री लागल्या म्हणत. थोरली बहीण लग्न होऊन तिथेच राहिली. (कराचीत आजही थोडी मराठी घरं आहेत, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं.) आजींची एक मुदत ठेव होती. मी विचारलं, कशासाठी? म्हणाल्या, "साहेब, ते कराचीचं तिकीट आहे."

तिकिटाचे पैसे होते, विमानही होतं. अडत होतं व्हिसावर. तो मुंबईत मिळत नसे, दिल्लीला अर्ज करावा लागे. म्हणजे 875 किलोमीटरच्या प्रवासासाठी आधी रेल्वेने 1,384 किलोमीटर दुसऱ्याच दिशेला! आजींनी दोनदा अर्ज केला. एकदा नकार आला, दुसऱ्यांदा उत्तरच नाही.

संसदेवरच्या हल्ल्यानंतर 1 जानेवारी 2002 पासून दोन्ही देशांतली विमानं बंद झाली, ती 2004 च्या जानेवारीत सुरू झाली. त्या दोन वर्षांच्या मध्येच आजींची बहीण गेली. फोन आला तोही दहाव्याच्या आदल्या दिवशी.

आज मुंबई-कराची थेट विमान नाही. एप्रिल 2025 पासून तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाशच बंद केलं. आता जायचं तर दुबईमार्गे : तिकडे सुमारे 1,930 किलोमीटर, मग उलट 1,190. साडेतीन पट अंतर. पाच तास नुसते हवेत, मधला मुक्काम वेगळाच. आणि व्हिसा मिळाला तर.

बहीण गेल्यावर ठेवीची मुदत संपली तेव्हा आजी आल्या. मी मोडण्याचा फॉर्म पुढे केला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाल्या, "भाचा आहे ना तिथे. एक वर्षासाठी परत ठेवा."