हातच्यावाचून घडलेली संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा आकडी संख्या प्रथम दृष्टीस पडते तेव्हा, एखाद्या हौशी कारकुनाने फुरसतीच्या वेळी मुद्दाम जुळवलेली ही रचना असावी असे वाटते. परंतु ती कोणी जुळवलेली नसून, १११११११११ या संख्येस तिनेच गुणिले असता आपोआप प्रकट होते. ‘लीलावती’तील स्थानांच्या नामावळीप्रमाणे तिचा अग्रस्थानचा एक ‘मध्य’ या स्थानी, म्हणजे परार्धाच्या एकच घर अलीकडे, येऊन बसतो.

हे का घडते, ते पाटीवर गुणाकार मांडला म्हणजे दिसते. गुणकात एकाचे नऊ आकडे असल्यामुळे नऊ ओळी पडतात. ओळ प्रत्येक वेळी तीच, मात्र वरच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. त्यामुळे उजवीकडून पहिल्या रकान्यात एकाचा एकच आकडा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असे वाढत वाढत नवव्या रकान्यात नऊ आकडे एकाखाली एक उभे राहतात, आणि तेथून पुढे त्याच क्रमाने उतार लागतो. कोणत्याही रकान्याची बेरीज नवाच्या पुढे जात नाही, म्हणून हातचा घ्यावाच लागत नाही. या संख्येचे सारे सौंदर्य, माझ्या मते, एवढ्या एका गोष्टीत आहे. आकड्यांची बेरीज ८१ का, याचेही उत्तर तेथेच मिळते: नऊ ओळींत नऊ-नऊ एक मांडले आणि त्यांतला एकही हातच्यात विरला नाही. शिवाय ८१ ने संख्येस निःशेष भागही जातो. तिचे मूळ अवयव पाडले तर ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा येतो.

१, १२१, १२३२१ अशा या मालिकेस देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी ‘डेमलो’ संख्यांमध्ये मोठ्या प्रेमाने स्थान दिले. डेमलो हे जी. आय. पी. रेल्वेवरील, मुंबईपासून तीस मैलांवरचे स्थानक, म्हणजे आजची डोंबिवली. तेथे ही कल्पना सुचली, म्हणून संख्यांना त्या स्थानकाचे नाव मिळाले. शाळेची नोकरी सांभाळून आयुष्यभर संख्यांच्या सहवासात रमलेल्या या गृहस्थांविषयी मला नितांत आदर वाटतो.

आता एकाचा दहावा आकडा जोडून पाहा. ११११११११११ चा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो, आणि चढावरचा आठ नाहीसा होतो. मधल्या रकान्यात दहा झाले, शून्य लिहून हातचा एक पुढे गेला. त्याने शेजारच्या नवाचेही दहा केले, आणि तेथला हातचा आठास मिळून त्याचा नऊ झाला. हाच आठ आपल्या मूळ संख्येच्या पोटातूनही हरवलेला आहे: १११११११११ ला ९ ने भागले असता १२३४५६७९ येतात. एकास ८१ ने भागीत गेले, तर दशांशचिन्हापुढे ०१२३४५६७९ हेच आकडे पुनःपुन्हा येत राहतात. कारण तेथेही दहाचा हातचा नवाकडे, नवाचा आठाकडे जातो आणि आठाच्या घरात नऊ बसतो.