जुन्या ट्रंकेतली सही : रद्दी की ठेवा?

दिवाळीची आवराआवर निघाली की माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात. रायपूरच्या तात्यापारा किंवा बुढापारा भागातल्या जुन्या मराठी घरांत त्यातून काय निघावे? आजोबांच्या वकिलीचे कागद, मोडीतले हिशेब, लग्नपत्रिका आणि सुतळीने बांधलेले पत्रांचे गठ्ठे. घरात जागा नाही, मोडी कुणाला वाचता येत नाही, सुनेला धुळीने शिंका येतात. संध्याकाळपर्यंत गठ्ठा रद्दीवाल्याच्या तराजूत पडलेला असतो. पुढे त्यातलेच एखादे पुढाऱ्याच्या सहीचे पत्र लिलावात हजारोंच्या बोलीला गेल्याचे कळते आणि घरात भांडण सुरू होते : टाकायला सांगितले कुणी?

अशी पत्रे रायपुरात सापडावीत याला कारण आहे. 1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला तेव्हापासून 1956 पर्यंत रायपूरचा कारभार नागपूरहून चाले. वकील, शिक्षक, कारकून म्हणून आलेली मराठी कुटुंबे इथे रुजली. माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर यांनी जानेवारी 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगड मित्र’ हे हिंदी मासिक काढले, त्याचे प्रकाशक होते रायपूरचे वामन बळीराम लाखे. सप्र्यांनी पुढे टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. रायपूरला वकिली केलेले पंडित रविशंकर शुक्ल आधी नागपुरात मध्य प्रांताचे आणि 1956 मध्ये नव्या मध्य प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले. एवढी माणसे, एवढ्या चळवळी. पत्रव्यवहार तर होणारच.

लिलाव हा शब्दही या गावाला नवा नाही. नोव्हेंबर 1933 मध्ये हरिजन दौऱ्यावर गांधीजी रायपूरला आले. त्या दौऱ्यात मिळालेली मानपत्रे आणि भेटवस्तू ते सभेतच लिलावात काढीत आणि पैसे हरिजन निधीत टाकीत. त्यांची सही हवी असेल तर पाच रुपये मोजावे लागत. आपल्या सहीला किंमत आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते. फक्त ती कुणाच्या खिशात जावी, हे ते स्वतः ठरवीत.

आज ते बाजार ठरवतो. दक्षिण आफ्रिकेतले गांधीजींचे वास्तुशिल्पी मित्र हर्मन कॅलेनबाख यांच्याकडची पत्रे व कागदपत्रे जुलै 2012 मध्ये लंडनच्या सॉदबीजमध्ये लिलावाला निघाली होती. भारत सरकारने सुमारे 7 लाख पौंड मोजून ती आधीच विकत घेतली आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवली. अशा बातम्या वाचून आपल्या ट्रंकेतही लाखो रुपये दडले आहेत असे वाटू लागते. तसे क्वचितच असते.

भाव कशाला?

नुसत्या सहीला भाव कमी. मुख्यमंत्र्यांच्या लेटरपॅडवरचे, टाइप केलेले, ‘आपले अभिनंदनपर पत्र मिळाले, आभारी आहे’ असे पत्र शेकड्यांनी निघालेले असते. हाताने लिहिलेले, एखाद्या निर्णयामागचे कारण सांगणारे किंवा कुणावर राग काढणारे पत्र मात्र संग्राहक शोधत असतात. पाकीट, पोस्टाचा शिक्का, पत्र ज्याला आले त्याची ओळख, हे सारे सोबत असेल तर किंमत आणखी वाढते. म्हणून तिकिटासाठी पाकीट कापणारी मुले आणि सहीपुरता कागद कातरून अल्बममध्ये चिकटवणारे हौशी काका, दोघेही सारखेच नुकसान करतात.

विकत घेणाऱ्याने तर जास्तच डोळे उघडे ठेवावेत. 1983 मध्ये जर्मनीच्या ‘श्टेर्न’ साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिशा म्हणून प्रचंड पैसे मोजले. त्या वह्यांच्या कागदात महायुद्धानंतर वापरात आलेले पांढरेपणाचे रसायन सापडले आणि सारे बनावट ठरले. आपल्याकडच्या खुणा तर घरबसल्या कळतात. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला, तेव्हा 1950 च्या पत्रावर छापील पिनकोड असेल तर हात आखडावा. नवे पैसे एप्रिल 1957 चे. बॉलपेन दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात आले, त्यामुळे 1933 ची सही बॉलपेनची असू शकत नाही. शिवाय मोठ्या पुढाऱ्यांच्या सह्या कधी सचिव करीत, कधी रबरी शिक्का. अमेरिकेत तर राष्ट्राध्यक्षांची सही करणारे यंत्रच आहे. सही खरी आणि हात दुसऱ्याचा, असा हा प्रकार!

लिलावात बोली थांबली तेवढ्याच रकमेत पत्र घरी येते, हाही गैरसमज. समजा 50,000 रुपयांवर हातोडी पडली आणि लिलावगृहाचे अधिमूल्य 20 टक्के असेल, तर 60,000 रुपये झाले, कर वेगळा. विकणाऱ्याकडूनही दलाली कापली जाते. पत्र कुठून आले याचा लेखी तपशील आणि ते खोटे निघाल्यास पैसे परत मिळतील का, हे बोलीपूर्वी विचारावे. उत्तर टाळणाऱ्याकडून घेऊ नये.

कायदाही ध्यानात हवा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाचा दस्तऐवज 75 वर्षांचा झाला की पुरावस्तू ठरतो. 1947 सालचे पत्र 2022 मध्ये या व्याख्येत आले. असे पत्र खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही, मग अमेरिकेतल्या भाच्याने कितीही गळ घालो. आणि कागद आपला असला तरी मजकुराचा स्वामित्वहक्क लिहिणाऱ्याच्या वारसांचा, तोही त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे. गांधीजींच्या लेखनावरचा नवजीवन ट्रस्टचा हक्क 2008 अखेर संपला.

तीन भावांत एकच पत्र असेल तर विकून वाटणी करणे सोपे वाटते. पण भोपाळमध्ये सप्र्यांच्याच नावाने 1984 पासून वृत्तपत्र संग्रहालय आहे. अशा संस्थेत मूळ पत्र द्यावे आणि प्रत्येकाने छायाप्रत ठेवावी, हाही मार्ग आहे. किमान निर्णय होईपर्यंत तरी लॅमिनेशन करू नये, सेलोटेप लावू नये, टाचणी काढून टाकावी, कारण ती गंजते. पावसाळ्यात वाळवीपासून जपावे. आणि सासूबाई आहेत तोवर त्यांना विचारून वेगळ्या कागदावर पेन्सिलने लिहून ठेवावे : हे पत्र कुणाला आले, कशासाठी आले आणि त्याचे उत्तर काय गेले.