कलम ६६अ (माहिती तंत्रज्ञान अधिनियम)

कलम ६६अ हे भारताच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील रद्दबातल ठरलेले कलम आहे. संगणक, भ्रमणध्वनी किंवा अन्य दळणवळण साधनाद्वारे ‘घोर आक्षेपार्ह’, धमकीवजा किंवा त्रासदायक मजकूर पाठविणे या कलमान्वये गुन्हा होता. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड अशी शिक्षा होती. हे कलम २७ ऑक्टोबर २००९ रोजी अमलात आले. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार या खटल्यात ते घटनाबाह्य ठरविले. सामाजिक माध्यमांवरील अभिव्यक्तिस्वातंत्र्य, राजकीय टीका आणि व्यक्तीची प्रतिष्ठा यांविषयीच्या भारतीय कायद्यात हा निकाल मूलभूत मानला जातो. मात्र निकालानंतरही अनेक वर्षे देशाच्या विविध भागांत या कलमाखाली गुन्हे नोंदविले जात राहिले.

पार्श्वभूमी

माहिती तंत्रज्ञान अधिनियम ऑक्टोबर २००० मध्ये अमलात आला, तेव्हा त्याचा मुख्य उद्देश इलेक्ट्रॉनिक व्यवहारांना कायदेशीर मान्यता देणे हा होता. त्या काळी फेसबुक, ट्विटर किंवा व्हॉट्सॲप अस्तित्वात नव्हते. पुढील काही वर्षांत महाजालाचा प्रसार वाढला आणि ई-पत्रांद्वारे होणारी फसवणूक, नको असलेले संदेश, धमक्या व चारित्र्यहनन यांच्या तक्रारी येऊ लागल्या. त्यांना आळा घालण्यासाठी अधिनियमात व्यापक दुरुस्ती करण्यात आली. नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर महिनाभरातच, २२ डिसेंबर रोजी लोकसभेने व त्याच्या दुसऱ्या दिवशी राज्यसभेने फारशी चर्चा न करता हे दुरुस्ती विधेयक मंजूर केले. कलम ६६अ याच दुरुस्तीने आले.

कलमातील शब्दयोजना नवी नव्हती. ब्रिटनच्या १९३५ च्या टपाल दुरुस्ती कायद्यात दूरध्वनीवरून आक्षेपार्ह बोलून एखाद्याला त्रास देण्याविरुद्ध तरतूद होती. तीच पुढे ब्रिटनच्या २००३ च्या संदेशवहन कायद्यात उतरली. सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निकालात कलम ६६अ चे मूळ या परंपरेत दाखविले आहे. दूरध्वनीवरील त्रास हा एका व्यक्तीने दुसऱ्या विशिष्ट व्यक्तीला दिलेला असतो, तर सामाजिक माध्यमांवरील मजकूर सर्वांसमोर मांडलेले मत असू शकते. एका माध्यमासाठी घडविलेले शब्द दुसऱ्या माध्यमाला लावल्यामुळे खासगी त्रास आणि सार्वजनिक टीका यांतील सीमारेषा पुसट झाली.

तरतुदीचे स्वरूप

कलमाचे तीन भाग होते:

(अ) घोर आक्षेपार्ह किंवा धमकीच्या स्वरूपाची माहिती पाठविणे;

(ब) खोटी असल्याचे ठाऊक असूनही त्रास, गैरसोय, धोका, अडथळा, अपमान, इजा, फौजदारीपात्र धाकदपटशा, शत्रुत्व, द्वेष किंवा दुर्भावना निर्माण करण्याच्या हेतूने एखादी माहिती सातत्याने पाठविणे;

(क) त्रास देण्यासाठी किंवा प्रेषकाविषयी दिशाभूल करण्यासाठी ई-पत्र अथवा संदेश पाठविणे.

यांपैकी ‘घोर आक्षेपार्ह’, ‘त्रास’, ‘गैरसोय’ इत्यादी शब्दांची व्याख्या अधिनियमात दिलेली नव्हती. पहिल्या भागात मजकूर खोटा असण्याची अटही नव्हती. त्यामुळे खरी माहिती किंवा प्रामाणिक मत यांमुळे कोणी दुखावले तरी गुन्हा नोंदविणे शक्य होते. गुन्हा जामीनपात्र असला तरी दखलपात्र होता, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या अधिपत्राशिवाय अटक करता येत असे. परिणामी, खटल्याचा निकाल काहीही लागला तरी अटक, पोलीस ठाण्यातील चौकशी आणि वृत्तपत्रांतून होणारी प्रसिद्धी हीच अनेकदा शिक्षा ठरत असे.

वापर आणि वाद

२०१२ या एका वर्षात घडलेल्या काही अटकांमुळे हे कलम देशभर चर्चेत आले. एप्रिल महिन्यात कोलकात्यातील जादवपूर विद्यापीठाचे प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांना पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांच्याविषयीचे व्यंगचित्र ई-पत्राने पुढे पाठविल्याबद्दल अटक झाली. त्या खटल्यातून ते २०२३ मध्ये दोषमुक्त झाले. मे महिन्यात मुंबईत एका विमान कंपनीच्या दोन कर्मचाऱ्यांना राजकीय नेत्यांविषयीच्या मजकुरावरून अटक झाली आणि त्यांना बारा दिवस कोठडीत काढावे लागले. सप्टेंबरमध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाच्या आरोपासह याही कलमाखाली अटक करण्यात आली. ऑक्टोबरमध्ये पुदुच्चेरी येथील एका लघुउद्योजकाला तत्कालीन केंद्रीय अर्थमंत्र्यांच्या मुलाविषयी ट्विटरवर टीका केल्याबद्दल पकडण्यात आले. त्या वेळी त्या उद्योजकाचे ट्विटरवर अवघे १६ अनुयायी होते. जी टीका एरवी मोजक्या लोकांपर्यंत राहिली असती, ती अटकेमुळे देशभर पोहोचली.

पालघर प्रकरण

शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांचे १७ नोव्हेंबर २०१२ रोजी निधन झाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी मुंबई व परिसरातील व्यवहार बंद होते. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथील एका तरुणीने या बंदविषयी प्रश्न करणारा मजकूर फेसबुकवर लिहिला. तिच्या मैत्रिणीने त्याला पसंती दर्शविली. तक्रारीनंतर दोघींना अटक झाली. भारतीय दंड संहितेच्या एका कलमासह कलम ६६अ त्यांना लावण्यात आले. मजकूर लिहिणाऱ्या तरुणीच्या काकांच्या पालघरमधील रुग्णालयाची जमावाने मोडतोड केली.

केवळ पसंतीची कळ दाबल्याबद्दल अटक होऊ शकते, या गोष्टीने देशभर संताप व्यक्त झाला. भारतीय प्रेस परिषदेचे तत्कालीन अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना पत्र लिहून कारवाईची मागणी केली. राज्य शासनाने चौकशीनंतर दोन पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित केले. दोन्ही तरुणींविरुद्धचे प्रकरण पुढे बंद करण्यात आले.

न्यायालयीन लढा

पालघर प्रकरणानंतर दिल्लीतील श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. पुढे पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज, कॉमन कॉज यांसारख्या संस्था आणि महाजालावर सेवा देणाऱ्या काही कंपन्या यांच्याही याचिका तिच्यासोबत सुनावणीस आल्या. केंद्र सरकारने जानेवारी २०१३ मध्ये राज्यांना सूचना पाठवून, वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय या कलमाखाली अटक करू नये असे कळविले. मे २०१३ मध्ये न्यायालयाने या सूचनेचे पालन करण्यास राज्यांना सांगितले. तरीही अटका थांबल्या नाहीत. निकालाला आठवडाही उरला नसताना उत्तर प्रदेशात एका विद्यार्थ्याला तेथील मंत्र्याविषयीच्या फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली होती.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल

न्यायमूर्ती जे. चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने २४ मार्च २०१५ रोजी निकाल दिला. निकालपत्र न्या. नरिमन यांनी लिहिले. त्यातील प्रमुख मुद्दे पुढीलप्रमाणे आहेत.

चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी : एखाद्या विषयाची चर्चा करणे किंवा एखाद्या मताचा, ते कितीही अप्रिय असले तरी, पुरस्कार करणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा गाभा आहे. अभिव्यक्ती चिथावणीच्या पातळीला पोहोचते तेव्हाच तिच्यावर निर्बंध आणता येतो. कलम ६६अ असा कोणताही भेद करीत नव्हते.

अनुच्छेद १९(२) मधील कारणे : संविधानाच्या या अनुच्छेदात निर्बंधांची आठ कारणे दिलेली आहेत, त्यांबाहेरच्या कारणासाठी अभिव्यक्तीवर निर्बंध आणता येत नाही. त्रास किंवा गैरसोय ही त्या यादीत नाही. सार्वजनिक सुव्यवस्थेचा आधारही न्यायालयाने अमान्य केला, कारण एका व्यक्तीला पाठविलेला संदेश आणि समाजात सर्वत्र पसरविलेला मजकूर यांत हे कलम फरक करीत नव्हते.

प्रतिष्ठेचा प्रश्न : बदनामी हे निर्बंधाचे मान्य कारण आहे. तथापि बदनामीसाठी प्रतिष्ठेला बाधा पोहोचणे आवश्यक असते. एखादा मजकूर कोणाला आक्षेपार्ह वा त्रासदायक वाटला, तरी त्याने कोणाची प्रतिष्ठा मलिन झालेली असेलच असे नाही. म्हणून हे कलम प्रतिष्ठेच्या रक्षणासाठी आहे, हा युक्तिवाद टिकला नाही.

संदिग्धता : कोणते लेखन गुन्हा ठरेल हे नागरिकाला आणि पोलिसालाही आधी कळू शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्यासाठी ‘घोर आक्षेपार्ह’ आणि ‘धमकीवजा’ या शब्दांवरील दोन ब्रिटिश खटल्यांचा दाखला देऊन, प्रशिक्षित न्यायाधीशांचेही याबाबत एकमत होत नसल्याचे दाखविले. अशा संदिग्ध कायद्यामुळे लोक शिक्षेच्या धास्तीने वैध लेखनही टाळतात, हा त्याचा मोठा दुष्परिणाम होय.

कलमाचा दुरुपयोग होऊ दिला जाणार नाही, अशी हमी सरकारतर्फे देण्यात आली होती. सरकारे येतात आणि जातात, कायदा मात्र राहतो, अशा आशयाचे उत्तर देऊन न्यायालयाने ती नाकारली. याच निकालाने केरळ पोलीस अधिनियमाचे कलम ११८(ड) हेही रद्द झाले.

महाजाल हे इतर माध्यमांहून वेगळे असल्याने त्यासाठी स्वतंत्र गुन्हे निर्माण करण्याचा अधिकार विधिमंडळास आहे, हे मात्र न्यायालयाने मान्य केले. मजकूर अवरुद्ध करण्याचा अधिकार सरकारला देणारे कलम ६९अ वैध ठरविण्यात आले. कलम ७९ चा अर्थ न्यायालयाने मर्यादित केला. न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची अधिसूचना मिळाल्यावरच मध्यस्थ कंपनीवर मजकूर हटविण्याचे दायित्व येते. केवळ कोणी तक्रार केली म्हणून मजकूर काढण्याची सक्ती तिच्यावर नाही.

निकालानंतरची अंमलबजावणी

घटनाबाह्य ठरलेले कलम पोलीस ठाण्यांतून लगेच नाहीसे झाले नाही. अभिनव सेखरी आणि अपार गुप्ता यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या कलमाखाली गुन्हे व खटले सुरूच असल्याचे दाखविले. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालाच्या प्रती सर्व उच्च न्यायालयांना व राज्यांच्या मुख्य सचिवांना पाठविण्याचा आदेश दिला. मार्च २०२१ मध्ये संकलित झालेल्या माहितीनुसार ११ राज्यांतील जिल्हा न्यायालयांत ७४५ प्रकरणे प्रलंबित होती. जुलै २०२१ मध्ये न्या. नरिमन यांच्याच खंडपीठासमोर ही बाब आली, तेव्हा त्यांनी तीव्र आश्चर्य व्यक्त केले.

याचे एक कारण अगदी साधे होते. न्यायालयाने कलम रद्द केले, तरी अधिनियमाच्या छापील प्रतींत त्याचा मजकूर पूर्वीसारखाच राहिला आणि ते रद्द झाल्याची नोंद केवळ तळटिपेत होती. महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी ही गोष्ट न्यायालयाच्या निदर्शनास आणून दिली. पुढे १४ जुलै २०२१ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना असे गुन्हे मागे घेण्याची सूचना केली. अखेर १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळित यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने कोणावरही या कलमाखाली खटला चालविता येणार नाही आणि प्रलंबित प्रकरणांतून त्याचा उल्लेख वगळावा, असा आदेश दिला. ज्या प्रकरणांत अन्य कलमेही लावलेली होती, ती त्या अन्य कलमांपुरती चालू ठेवण्यात आली.

प्रतिष्ठा आणि खासगीपणाचे संरक्षण

कलम रद्द झाल्याने महाजालावरील बदनामी किंवा छळ कायदेशीर ठरला, हा समज चुकीचा आहे. फौजदारी बदनामीची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये वैध ठरविली असून ती आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. पाठलाग, धाकदपटशा व स्त्रीच्या लज्जेचा भंग यांसाठीही त्या संहितेत कलमे आहेत. माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ६६क व ६६ड यांत अनुक्रमे ओळखचोरी आणि तोतयेगिरीने केलेली फसवणूक, कलम ६६इ मध्ये खासगी अवयवांचे संमतीविना चित्रण, तर कलम ६७ मध्ये अश्लील मजकुराचे प्रसारण हे गुन्हे आहेत. नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. या तरतुदींत गुन्ह्याचे घटक नेमके सांगितलेले असल्याने, ऐकणाऱ्याच्या रागालोभावर गुन्हा ठरण्याचा धोका त्यांत तुलनेने कमी आहे.

मूल्यमापन

निकालाचे सर्वसाधारणपणे स्वागत झाले, तरी त्यावर दोन दिशांनी टीका झाली. कलम ६९अ खालील आदेश गोपनीय ठेवण्याची तरतूद कायम राहिल्याने मजकूर का हटविला गेला हे लेखकाला बहुधा कळत नाही, असा आक्षेप अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे पुरस्कर्ते घेतात. दुसरीकडे, विशेषतः स्त्रियांना महाजालावर मिळणाऱ्या गलिच्छ संदेशांविरुद्धचे एक सुलभ साधन गेले, असेही मत मांडले गेले.

तशा प्रकारची तरतूद पुन्हा आणण्याचे प्रयत्नही झाले. केरळ सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये वटहुकमाद्वारे पोलीस अधिनियमात कलम ११८अ घातले, परंतु टीकेनंतर ते मागे घ्यावे लागले. केंद्र सरकारने २०२३ मध्ये नियमदुरुस्ती करून शासकीय कामकाजाविषयीचा ‘खोटा किंवा दिशाभूल करणारा’ मजकूर ठरविण्यासाठी तथ्य-पडताळणी कक्षाची तरतूद केली. ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. त्यातही शब्दांची संदिग्धता हा एक प्रमुख मुद्दा होता.

हेही पाहा

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००
भारतीय संविधानाचा अनुच्छेद १९
खासगीपणाचा अधिकार
बदनामी