'ए' की 'ॲन'? आधी देवनागरीत लिहून बघा

कळंबोलीहून बोलतोय. आजचा प्रश्न दहावीच्या मुलांचा आहे: इंग्रजीत 'ए' कधी लावायचं आणि 'ॲन' कधी?

शाळेत सांगतात, शब्द ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एका अक्षराने सुरू झाला की 'ॲन'. मला हा नियम अर्धवट वाटतो. आमच्या कळंबोली सर्कलचंच घ्या. इथूनच मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे सुरू होतो. समोरून एस.टी. येते, पुढे एखादा ट्रक यू-टर्न घेतो. एस त्या पाचांत नाही, तरी 'ॲन एस.टी. बस'. यू पाचांत आहे, तरी 'ए यू-टर्न'. मुलं इथेच अडकतात आणि रिकाम्या जागा भरताना हातचा मार्क जातो.

नियम अक्षराचा नाहीच, उच्चाराचा आहे. आणि उच्चार दाखवायला आपल्याकडे देवनागरी आहे की! इंग्रजी शब्द देवनागरीत लिहा. सुरुवातीला स्वर आला तर 'ॲन', व्यंजन आलं तर 'ए'. युनिव्हर्सिटीत य आला, म्हणून 'ए'. वन-वे रोडचं स्पेलिंग ओने सुरू होतं, पण आपण लिहितो व, तिथेही 'ए'. तासाला अवर म्हणतात, त्यातला एच मुका, म्हणून 'ॲन अवर'. हॉटेलमधला ह मात्र ऐकू येतो, तिथे 'ए'.

यात एक खाच आहे बरं का. उच्चार बरोबर हवा. आपल्याकडे बरेच जण 'यस.टी.', 'यम.ए.' म्हणतात. तसं लिहिलंत तर य येणार आणि उत्तर चुकणार. 'इस्टेशन', 'इस्कूल' म्हणणाऱ्यांचंही तेच.

आणि बघायचं ते लगेच पुढच्या शब्दाकडे, नामाकडे नाही. 'ए युनिफॉर्म', पण 'ॲन ओल्ड युनिफॉर्म'.

काहींनी ॲपॉस्ट्रॉफीबद्दलही विचारलंय. स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह वगैरे मराठीने एकोणिसाव्या शतकात इंग्रजीकडूनच घेतले. मेजर कँडी यांचं नाव त्यासाठी घेतलं जातं. ही खूण तेवढी आपल्याकडे रुळली नाही, म्हणून मुलं ती कुठेही टाकतात. 'इट्स' लिहिताना अर्थ लावा: 'ते आहे' असा असेल तर टी आणि एसच्या मध्ये खूण द्या, 'त्याचं' असा असेल तर नको.

'द'चं प्रकरण मोठं आहे. ते पुढच्या भागात घेऊ.