धानाच्या बियाण्याची तक्रार : न्यायालयाचे निकाल कसे शोधावेत?

भंडारा जिल्ह्यात धान हे प्रमुख पीक आहे. पऱ्हे विरळ उगवले किंवा एकाच बांधीत काही लोंब्या लवकर व काही उशिरा निसवल्या, तर शेतकऱ्याचा हंगाम हातचा जातो. विक्रेता बहुधा पाण्याला किंवा पेरणीला दोष देतो. तक्रार करण्यापूर्वी अशा प्रकरणांत न्यायालयांनी काय ठरविले आहे, हे पाहून घ्यावे.

यासाठी 'इंडियन कानून' हे संकेतस्थळ उपयोगी आहे. सुशांत सिन्हा या संगणक अभियंत्याने ते २००८ साली सुरू केले. सर्वोच्च न्यायालय, उच्च न्यायालये व राष्ट्रीय ग्राहक आयोग यांचे निकाल तेथे विनामूल्य वाचता येतात. निकाल इंग्रजीत असल्याने शोधाचे शब्दही इंग्रजीतच टाकावे लागतात. घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलाची किंवा मुलीची मदत घ्यावी. 'डिफेक्टिव्ह सीड्स' हे शब्द दुहेरी अवतरण चिन्हांत लिहावेत, म्हणजे ते सलग आलेले निकालच समोर येतात. सोबत 'पॅडी' हा शब्द जोडल्यास धानाची प्रकरणे मिळतात.

या विषयावर 'नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी' हा १६ जानेवारी २०१२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल अवश्य वाचावा. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे व १९६६ चा बियाणे कायदा असला तरी तो ग्राहक मंचाकडे भरपाई मागू शकतो, असे त्यात ठरले. तपासणीसाठी शेतकऱ्याने नमुना राखून ठेवला नाही, हा कंपनीचा आक्षेपही टिकला नाही. शेतकरी विकत घेतलेले सर्व बियाणे पेरणारच! त्याच लॉटचा नमुना कंपनीला तपासून घेता आला असता. निकालाच्या पानावरील 'साइटेड बाय' येथे गेल्यास त्याचा आधार घेतलेले पुढील निकाल दिसतात.

मात्र आपल्या बाजूचाच निकाल वाचून थांबू नये. 'हरियाणा सीड्स डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन विरुद्ध साधू' या २००५ च्या प्रकरणात शेतकरी हरले. पीक कमी-जास्त असण्याची कारणे अनेक असू शकतात. बियाणे निकृष्ट होते असे अहवालात स्पष्ट हवे, असे न्यायालयाने म्हटले. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले म्हणजे प्रकरण कोठे अडते हे कळते. ते पंचनाम्यात अडते.

म्हणून दोष दिसताच, पीक शेतात उभे असतानाच, तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी व पोच घ्यावी. तालुका तक्रार निवारण समितीच्या पाहणीच्या वेळी स्वतः हजर राहावे. उगवण किती टक्के, भेसळ किती टक्के, हे आकडे व बियाण्याबद्दलचा निष्कर्ष पंचनाम्यात आला आहे काय, ते पाहूनच सही करावी. पावती, पिशवी व तिच्यावरील लॉट क्रमांकाची खूणचिठ्ठी जपून ठेवावी.

भंडारा येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे २०१९ च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. बियाण्यासाठी दिलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. सापडलेल्या निकालांच्या प्रती वकिलाला दाखवाव्यात.