मागून धडक बसली, आता काय?

नांदेड-लातूर अप-डाऊन करताना लोहा-अहमदपूरच्या गर्दीत आपण ब्रेक मारतो आणि मागची गाडी धाडकन आदळते. भांडत बसू नका. आधी कुणाला लागलं का ते बघा. दोन्ही गाड्यांचे नंबरासह फोटो काढा, मागच्याच्या विम्याचा तपशील घ्या. कुणी जखमी असेल तर 24 तासांच्या आत पोलिसांना कळवाच.

नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर आपली कंपनी आपल्या गाडीचा खर्च देत नाही. तो मागच्याकडून किंवा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून मागावा लागतो. पूर्ण विमा असेल तर लगेच कंपनीला कळवा. सर्व्हेअर बघेपर्यंत गाडी खोलू देऊ नका.

क्लेमआधी गणित मांडा. समजा, प्लॅस्टिकचा बंपर 4,000 रुपयांचा. झीरो डेप नसेल तर घसारा 50 टक्के, उरले 2,000. लहान कारची सक्तीची वजावट 1,000. हातात फक्त 1,000! वर नो क्लेम बोनस जातो. ती सूट याहून मोठी असू शकते. म्हणून छोटा पोचा खिशातून काढलेला बरा. डिकी, चॅसी दबली असेल तर मात्र क्लेम कराच.

शेकडेवारीच्या तासाला हेच उदाहरण मुलांना द्या. घरी जाऊन ती पॉलिसी शोधतील.